पाणी आलं कुठून, गेलं कुठं

डिशवॉशर बंद पडला की घरात पहिला अंदाज ठरलेला असतो, ‘बोर्ड गेला.’ फोनवरचा माणूसही बहुतेक वेळा तेच म्हणतो. बोर्ड गेला म्हणजे मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला, अशी धास्ती घेऊनच लोक मला बोलावतात. आधी मी फक्त आमच्या घरचं मशीन उघडत होते, मग इमारतीतली, मग प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरातल्या नातेवाइकांकडची. इतक्या घरांतल्या ओट्यांखाली बसून माझं मत पक्कं झालं आहे. डिशवॉशरचं दुखणं बहुतेक वेळा पाण्याचं असतं. पाणी येत नाही, पाणी जात नाही, किंवा जिथे जायला नको तिथे जातं. पाण्याचं दुखणं ओळखायला स्वयंपाकघरात रोज वावरणाऱ्या बाईइतकं लायक कुणी नाही. घरात पाणी किती वाजता येतं, कोणत्या महिन्यात बोअरचं मिसळतं, भाजीत किती तेल पडतं आणि कोणती कढई जळते, हे तिलाच माहीत असतं. म्हणून हे मशीन तिनं उघडावं, असं मला मनापासून वाटतं.

उघडणं आम्हा नागपूरकरांना नवं नाही. होळी झाली की इथे घरोघरी कूलर उघडले जातात. जुनी खस काढायची, टाकीतला क्षार खरवडायचा, पंपाची जाळी साफ करायची, पंखा गुरगुरतो पण फिरत नाही म्हटल्यावर कपॅसिटर बदलायचा. माझे बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. स्क्रू ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं कागदावर ठेवायचे आणि शेजारी जागेचं चित्र काढायचं, ही त्यांची पद्धत. मी अजून तशीच करते, फक्त चित्राच्या जागी मोबाइलवर फोटो काढते. त्यांची दुसरी शिस्त विजेची होती. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, महावितरण दरवर्षी आवाहन करतं, कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग तपासा. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असलेल्या वस्तूला हात लावायचा तर बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून तो डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. डिशवॉशरमध्ये साधारण दोन हजार वॉटचा हीटर आणि पाणी एकाच पेटीत असतं. त्याला १६ ॲम्पियरचा पॉइंट आणि खरंखुरं अर्थिंग हवं. आधी प्लग, मग नळ बंद, मग पेचकस. हा क्रम मी कुणालाही, कितीही घाई असली तरी मोडू देत नाही.

आमच्या भागात ही मशीन आली ती २०२०च्या टाळेबंदीत. २५ मार्चपासून सगळं बंद झालं, भांडी घासायला येणाऱ्या बायांचं येणं थांबलं आणि देशभर डिशवॉशरची मागणी एकाएकी वाढली. दुकानांत मशीन मिळेना, मिळालं तर त्याची पावडर मिळेना. त्याच काळात वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. पॅनलवर ‘ई-१५’ असं दिसत होतं आणि आतला पंप थांबतच नव्हता. बंद करून चालू केलं तरी तेच. कंपनीच्या माणसानं फोनवर बोर्डाची किंमत सांगून ठेवली होती.

मशीनच्या तळाशी, धुण्याच्या टाकीच्याही खाली, एक उथळ ताट असतं. त्यात कधी पाणी साचता कामा नये. त्या ताटात थर्माकोलचा एक तरंगता तुकडा असतो. कुठून गळून पाणी आलंच तर तो वर उचलला जातो, त्याला जोडलेली छोटी कळ हलते, आणि मशीन येणारं पाणी तोडून बाहेर टाकणारा पंप सतत चालू ठेवतं. घर पाण्यानं भरू नये म्हणून केलेली ही सोय आहे. म्हणजे काकूंच्या मशीनचा बोर्ड शाबूत होता आणि आपलं काम चोख करत होता. प्रश्न होता तो पाणी खाली आलं कुठून याचा. मी पुढची खालची पट्टी काढली, स्पंजानं ताट कोरडं केलं. स्पंज पिळला तर फेस आला. पावडर मिळत नाही म्हणून काकूंनी हातानं भांडी घासायचं लिक्विड टाकलं होतं. डिशवॉशरची पावडर मुद्दाम फेस न करणारी असते, कारण आत पाण्याचे फवारे जोरात फिरतात. साध्या लिक्विडचा फेस फुगून दाराच्या खालच्या कडेतून झिरपतो आणि सरळ त्या ताटात उतरतो. आतला फेस मिठाचं पाणी शिंपडून बसवला, मशीन दोनदा नुसत्या पाण्यावर चालवलं, आणि ‘ई-१५’ गेला.

त्या एका दुरुस्तीनं इमारतीत माझं नाव झालं, पण खरं शिक्षण मिळालं ते मोहरीच्या दाण्यानं. आपल्याकडे फोडणी आहे, गोळाभातावर तर मोहरीचं कडकडीत तेल वरून घेतात. परदेशातल्या बशीवर सॉस आणि चीज चिकटतं, आपल्या ताटात मोहरी, जिरं, कढीपत्ता, तर्रीपोह्याचे वाळलेले कण राहतात. फवारा मारणाऱ्या पात्याला जी भोकं असतात, त्यांत मोहरीचा दाणा नेमका जाऊन बसतो. चार भोकं बुजली की पातं नीट फिरत नाही आणि वरच्या कप्प्यातल्या वाट्या तेलकट निघू लागतात. लोक म्हणतात, मोटर कमजोर झाली. पातं हातानं काढता येतं, बहुतेक मशीनमध्ये एक आटा फिरवला की निघतं. उन्हाकडे धरायचं, प्रत्येक भोकातून उजेड दिसतो का पाहायचं, टूथपिकनं दाणे काढायचे आणि शेवटी पात्याच्या तोंडातून नळाचं पाणी सोडायचं.

पाणी बाहेर न जाण्याचं कारण याच्या एक पायरी खाली सापडतं. गाळण्या काढल्या की तळाच्या खड्ड्यात प्लॅस्टिकचं छोटं झाकण दिसतं. चमच्याच्या दांड्यानं ते उचललं की निचऱ्याच्या पंपाचं चक्र समोर येतं. तिथे मी लिंबाच्या बिया काढल्या आहेत, सावजी मटणाच्या हाडाचा कपचा काढला आहे, आणि एका घरी हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. म्हणून तिथे उघडं बोट घालायचं नाही, आधी स्पंजानं पाणी टिपायचं, मग बॅटरीच्या उजेडात पाहायचं. चक्र हातानं फिरवलं तर ते अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतं. आत कायमचं चुंबक असल्यामुळे ते तसंच फिरायला हवं. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते अडकलंय असंच वाटतं, आणि त्या समजुतीवर चांगले पंप फेकून दिले जातात. हे मला फार सलतं. पंप खराब आहे की नाही हे मल्टिमीटरनं मिनिटात कळतं. वेटोळ्याचा रोध शे-दोनशे ओहमच्या आसपास दिसला तर वेटोळं जिवंत आहे, काटा अनंतावर गेला तर तुटलं आहे.

मल्टिमीटर ही फार मोठी गोष्ट आहे, आणि शाळेत शिकलेलं गणित त्याच्याइतकं उपयोगी मला दुसरीकडे कुठेच पडलं नाही. दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर चालत असेल तर व्होल्टचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे जवळपास २६ ओहम. प्लग काढलेला, हीटरच्या तारा सुट्या केलेल्या, आणि मीटर २६च्या आसपास दाखवतोय, म्हणजे हीटर ठीक. भांडी थंड निघत असतील तर शोध पुढे न्यायचा. पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या वेटोळ्याचा रोध काही हजार ओहम असतो. तो मिळाला तर व्हॉल्व्हला दोष द्यायचा नाही.

वरच्या मजल्यांवर तर व्हॉल्व्हला उगीचच दोष दिला जातो. तिथली तक्रार एकच, नळाचं चिन्ह लुकलुकतं आणि मशीन पाणी घेत नाही. गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली पाणी उतरलं तर साधारण एक बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि ओट्याखालचा नळ यांत दोन-अडीच मीटर अंतर, म्हणजे दाब पाव बारच्या घरात. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान अर्धा बार मागितलेला असतो. मशीन ठरावीक वेळ वाट पाहतं आणि हात वर करतं. त्यात कुठे पाइपलाइनचं काम झालं की गाळ येतो आणि नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बुजते. मी आधी नळी सोडून नळाखाली बादली ठेवते आणि मिनिटात किती भरते ते पाहते. पाणी जोरात आलं तर जाळी साफ करायची, धार बारीक असेल तर वाटेत छोटा प्रेशर पंप बसवायचा. काही नळ्यांच्या टोकाशी जाडजूड प्लॅस्टिकचा डबा असतो, त्यात विजेवर चालणारी झडप असते. ती नळी लांबवायला म्हणून कापायची नाही आणि तो डबा पाण्यात बुडवायचा नाही. हे मी प्रत्येक घरात बजावून सांगते, कारण प्लंबरच्या हातात करवत असतेच.

आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून काम करणाऱ्या मावशींनी टाळेबंदीनंतर पुन्हा यायला सुरुवात केली तेव्हा मशीन ओट्याखाली बसलेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला वाचता येत होती. डॉ. रूपा कुलकर्णींनी ज्या शहरात मोलकरणींची संघटना उभी केली, ज्यांच्या लढ्यानंतर घरकामगारांसाठी राज्याला २००८ साली कायदा करावा लागला, त्या शहरात एका यंत्रापायी मावशींचं काम जावं हे मला पटण्यासारखं नव्हतं. काम राहिलं, पगारही तोच राहिला. कढया, तवे, कुकर मशीनमध्ये जातच नाहीत. त्याची पावडर तीव्र अल्कलीची, ॲल्युमिनियम त्यात काळं पडतं, लोखंडी तव्याचं मुरलेलं तेल निघून जातं आणि तो गंजतो. आणि मशीन कसं भरायचं यात मावशींचा हात माझ्यापेक्षा बसला.

एकदा सकाळी मशीनच्या तळाशी गढूळ पाणी दिसायला लागलं. रात्री कोरडं, सकाळी पाणी. मी पंप उघडून बसले होते. मावशी सिंकमध्ये तांदूळ धूत होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, पंपाचं नाही हे. सिंकचं पाणी मशीनमधी परत जाऊन राह्यलं. मी तांदूळ धुतले का आत बुडबुड आवाज येते, आइका बरं.” खरंच तसं होतं. बसवणाऱ्यानं मशीनची निचऱ्याची नळी सिंकखालच्या पाइपाला सरळ, खालच्या खाली जोडली होती. सिंक भरून सुटलं की पाणी सोपी वाट धरून मशीनमध्ये उतरायचं. उपाय असा की नळी आधी ओट्याच्या दगडापर्यंत वर न्यायची, तिथे पट्टीनं बांधायची आणि मग खाली सोडायची. तसं केल्यावर पाणी उलट चढू शकत नाही. जी बाई रोज त्या सिंकशी उभी राहते तिचा कान इथे कामाला आला, आणि त्यानंतर मी कुठल्याही घरी गेले की आधी भांडी घासणारीला विचारते, काय ऐकू आलं, कधीपासून, काय करताना.

नागपूरचं पिण्याचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. पण बहुतेक इमारतींना स्वतःची बोअर असते, आणि एप्रिल-मेमध्ये खालच्या टाक्यात दोन्हींचं पाणी एकत्र होतं. शहराच्या पश्चिमेला काळा पाषाण, पूर्वेला जुना ग्नाइस, आणि त्यांच्या भेगांतून उपसलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. डिशवॉशरमध्ये म्हणून पाणी मऊ करायची सोय असते. बारीक मण्यांसारखं राळेचं द्रव्य क्षार पकडून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. मणी भरले की मिठाचं दाट पाणी त्यांतून फिरवून ते पुन्हा मोकळे केले जातात. जाड मीठ भरायचं ते याचसाठी. खाण्याच्या बारीक मिठात गुठळी न व्हावी म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यांनी मिठाची जागा बुजते. पाण्याचा कठीणपणा किती हे मशीनमध्ये एकदा नोंदवावं लागतं. बहुतेक घरांत तो कारखान्यातून आला तसाच असतो, आणि मग ग्लासवर पांढरा थर दिसला की पावडरचा ब्रँड बदलला जातो. मी उन्हाळ्यात आकडा वाढवते, पावसाळ्यात बोअर बंद झाली की खाली आणते. आधीच बसलेला थर घालवायला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. मशीन रिकामं हवं, पावडर अजिबात नको, कारण पावडरची अल्कली आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात. मशीनच्या आतले पांढरे प्लॅस्टिकचे भाग हळदीनं पिवळे पडले तर त्यांना घासू नये. काढून गच्चीत ठेवावेत. नागपूरचं ऊन हळदीचा रंग उडवून टाकतं.

उंदीर आणि झुरळांबद्दल कुठल्याही पुस्तिकेत नीट लिहिलेलं नसतं. मशीनचा तळ उबदार असतो, मागे नळ्यांसाठी भिंतीला पाडलेलं भोक उघडं राहिलेलं असतं, आणि पावसाळा लागला की उंदीर आत येतो. त्यानं कुरतडलेली निचऱ्याची नळी गळते आणि पुन्हा तोच थर्माकोलचा तुकडा वर उचलला जातो. आता मी मशीन परत सरकवण्याआधी ते भोक स्टीलच्या जाळीनं बुजवते. ही दुरुस्तीच आहे, बाकीच्यांइतकीच महत्त्वाची.

बोर्डाला मात्र मी हात लावत नाही. कधीतरी तो खरंच जातो. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेखालचा सोल्डरचा डाग जळतो, व्होल्टेज कमी-जास्त झालं की भाग उडतात, पाल आत शिरून चिकटते. त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज काही वेळ राहते. मी बराच वेळ थांबते, फोटो काढते, बोर्ड सोडवते आणि बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेते. तिथल्या ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांतल्या कारागिरांचे हात या कामात तयार आहेत. नवा बोर्ड मागवण्याआधी जुना त्यांना दाखवावा, एवढं मी सगळ्यांना सांगते.

हे मशीन पहिल्यांदा चालतं करणारी बाईच होती. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांच्या भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्या इंजिनिअर नव्हत्या. पण आपल्या घरातल्या बशा-कपांची मापं घेऊन त्यांनी तारेचे कप्पे बनवले आणि भांड्यांवर पाण्याचा जोर सोडला. ज्याची भांडी त्याच्या मापाचे कप्पे, हा त्यांचा विचार मला अजून सगळ्यात शहाणा वाटतो. आजच्या कप्प्यांत चपट्या बशा सुरेख बसतात. आमचा गंज, परात, कोपर, तांब्या यांचं माप कुणी घेतलं नाही. वाटी उताणी राहिली की पाणी साचतं, परात उभी केली की पात्याला आपटून टकटक वाजते, आणि लोक बेअरिंग गेलं म्हणून मला बोलावतात. काही कंपन्या आता आपल्या कढईसाठी वेगळा जोर देऊ लागल्या आहेत. कप्प्यांचा विचार अजून मागेच आहे.

युरोपात १ मार्च २०२१ पासून नियम आहे. डिशवॉशरचे दाराचे रबर, फवाऱ्याची पाती, गाळण्या, कप्पे असे भाग साध्या ग्राहकालाही दहा वर्षं मिळाले पाहिजेत. पंप, हीटर असे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान सात वर्षं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. प्रत्यक्षात दाराचं रबर मागितलं तर अजून ऐकू येतं, आमचा माणूस येऊन बसवेल, सुटं मिळणार नाही.

मला त्याहून आधी एक छोटी गोष्ट हवी आहे. पूर्वी रेडिओच्या पाठीवर, फ्रिजच्या मागे, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर आतल्या जोडणीचा नकाशा चिकटवलेला असायचा. बाबा तो पाहून काम करत. डिशवॉशरच्या खालच्या पट्टीच्या मागे एक हात मोकळी जागा असते. तिथे तो कागद लावावा, मराठीत, प्रत्येक वेटोळ्याचा रोध किती असायला हवा त्या आकड्यासकट, आणि त्याखाली चूक दाखवणाऱ्या खुणांचा अर्थ. आमच्या इमारतीतल्या मशीनसाठी मी तसे कागद हातानं लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवायला घेतले आहेत. काकूंकडचा झाला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मशीनचा व्हॉल्व्ह या रविवारी मोजायचा आहे.